अपील आप्पा

आमच्या जामनेरात नुसतं 'आप्पा' म्हटलं तर समोरचा विचारतो, "कोनते?" आप्पा गावात पुष्कळ. 'अपील आप्पा' म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. हे नाव कोणी पाडलं याबद्दल वाद आहे, आणि तो वाद आप्पांनीच लावून धरलेला आहे.

सत्तरी ओलांडलेला माणूस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, आणि टोपीखालून बाहेर आलेला डावा कान मोडलेला. तरुणपणी तालमीत घातलेल्या दिवसांची तेवढी एक पावती अंगावर उरली आहे. चालताना अजून छाती पुढे आणि हात जरा लांब ठेवून चालतात. अनोळखी माणसाला वाटतं, म्हातारा आता पट काढतो की काय. पण आप्पा फक्त मुद्दा काढतात.

त्यांच्या मते जगात आजवर एकही गोष्ट निकालात निघालेली नाही. निवडणुकीत पडलेला माणूस पडलेला नसतो, "मोजणीत मांगं ऱ्हायला" असतो. दहावीला नापास झालेल्या पोराच्या घरी लोक समजूत घालायला जातात. आप्पा तिथं जाऊन विचारतात, "पेपर कोनी तपासला? नाव सांगा." पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आमची पीजे, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. आता तिच्या जागी मोठ्या रुळांची गाडी यायची आहे. गावानं हळहळून 'पीजे बंद पडली' म्हणून विषय संपवला. आप्पांनी बसस्टँडसमोरच्या टपरीवर सगळ्यांना दुरुस्त केलं.

"बंद नही पडली भो. सोडवली."

हा शब्द जत्रेच्या कुस्तीतला. दोन गडी अर्धा तास झोंबले, कोणाचीच पाठ लागत नाही, तिकडे अंधार पडतोय, लोकांना बैलगाड्या जुंपायच्या आहेत, अशा वेळी पंच मध्ये शिरतात, दोघांचे हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत 'सोडवतात'. आप्पांच्या मते देवानं जगातल्या बहुतेक कुस्त्या सोडवलेल्या आहेत. माणसं उगाच निकाल लावत बसतात.

आता यातली गंमत बघा. हा माणूस तीस वर्षं बाजार समितीत मापाडी होता. म्हणजे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत निकाल देणं हाच धंदा. पोतं काट्यावर चढवायचं, काटा ठरला की आकडा मोठ्यानं ओरडायचा, पुढचं पोतं. शेतकरी म्हणायचा, आप्पा, जरा थांबा, काटा हलतोय. आप्पा म्हणायचे, काटा नही हलत, तुझी नजर हलते. मी एकदा भीत भीत विचारलं, "आप्पा, तुमच्या मापावर कोणी अपील केलं तर?"

"माझ्या मापावर?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "त्याच्यात काय अपील? वजन म्हंजे वजन."

वजन सोडून बाकी सगळ्यात अपील. आणि त्या सगळ्याचा मेरुमणी म्हणजे महाराष्ट्र केसरी.

महाराष्ट्र केसरी कसा ठरतो हे आप्पांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी आता झोपेतही सांगेन. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले केसरी झाले, तिथून ही परंपरा. आता दोन गट असतात, एक गादीवरचा आणि एक मातीवरचा. गादीचा विजेता आणि मातीचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर मामासाहेब मोहोळांच्या नावाची चांदीची गदा. ऐकायला सरळ आहे. पण आप्पांचं पहिलं अपील इथंच. मातीत वाढलेल्या गड्याला शेवटची कुस्ती गादीवर खेळायला लावायची, हा त्यांच्या मते निम्मा निकाल आधीच लावण्याचा प्रकार. "मासा आन् कोंबडा यांची शर्यत लावली, आन् लावली कुठं, तर विहिरीत!"

दुसरं अपील गुणांवर. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, रेघेबाहेर ढकललं की एक गुण, खाली घेतलं की दोन, दहा गुणांचा फरक पडला की खेळ खलास. आप्पा हे ऐकताना असा चेहरा करतात, जसा आपण वरण-बट्टीबरोबर कोणी जॅम मागितला तर करू. "कुस्ती म्हंजे पाठ. आभाळ दिसलं का त्याले? दिसलं, तर हरला. नही दिसलं, तर नही हरला. हे एक गुन, दोन गुन काय लावलं? कुस्ती हाये का प्रात्यक्षिकाची वही?"

मात्र सन २०१४, २०१५ आणि २०१६ ही तीन वर्षं आली की आप्पांचं सगळं कायदेशास्त्र गळून पडतं. त्या तीन वर्षी सलग गदा आणली ती विजय चौधरीनं, आणि विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा. त्या तिन्ही वर्षी पंच निर्दोष होते, गादी उत्तम होती, गुण बरोबर मोजले गेले आणि हवासुद्धा कुस्तीला अनुकूल होती. त्याच्या आधीची तीन वर्षं, २०११ ते २०१३, गदा सलग नरसिंग यादवकडे होती, त्याबद्दल विचारलं की आप्पा चहाच्या कपात बघतात. "आपन मैदानावर नव्हतो," म्हणतात. चौधरीच्या वेळीही ते मैदानावर नव्हते. टपरीवरच होते, मी शेजारी होतो.

नोव्हेंबर २०२३ हा आप्पांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. राज्यातल्या कुस्तीच्या कारभारात दोन पक्ष पडले, एकीकडे जुनी कुस्तीगीर परिषद, दुसरीकडे नवा कुस्तीगीर संघ, आणि दोघांनी एकाच महिन्यात आपापली महाराष्ट्र केसरी भरवली. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं आणि केसरी झाला. मग धाराशिवला शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि तोही केसरी झाला. म्हणजे एकच गडी एका महिन्यात केसरीची कुस्ती हरलाही आणि जिंकलाही. गावात लोक डोक्याला हात लावून बसले. आप्पा मात्र लग्नघरासारखे मोहरले होते. आठ दिवस टपरीवर त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला. हे पूर्वी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

"पाय बरं सर," ते म्हणाले, "म्या चाळीस वर्सापासून काय सांगू ऱ्हायलो होतो?"

त्यांनी चाळीस वर्षांपासून नेमकं काय सांगितलं होतं ते मला आठवेना, पण चहा पीत होतो म्हणून मान हलवली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला जे झालं ते तर तुम्हीही पाहिलं असेल. गादी गटात पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे. पंचांनी राक्षे चितपट असा निकाल दिला, राक्षे म्हणाला खांदे टेकलेच नाहीत, आणि रागाच्या भरात त्यानं पंचाला लाथ मारली. पुढे शेवटच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून भांडून मैदान सोडून गेला, गदा मोहोळला मिळाली, आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन आप्पांनी केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "पंचाले हात लावायचा नही. पंचाले पत्र ल्याहायचं." पण खांदा टेकला की नाही या प्रश्नानं त्यांना झोप येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीच्या बाकावर त्यांनी मला उताणं पाडलं. खोटं सांगत नाही. मी हायस्कुलातला शिक्षक, माझ्या वर्गातली दोन पोरं समोर वडापाव खात उभी, आणि आप्पा माझ्या उजव्या खांद्याखालून वर्तमानपत्राचा कागद सरकवताहेत. कागद निघाला तर खांदा टेकलेला नाही. कागद अर्धा निघाला आणि फाटला.

"आं!" आप्पा ओरडले. "पाय! बरोबरीत!"

मार्चमध्ये कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथं वेताळ शेळके जिंकला. कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातच. दोन महिन्यांच्या आत एकाच जिल्ह्यात दोन केसरी. आप्पांनी यावर काहीच भाष्य केलं नाही. तृप्त माणूस बोलत नाही.

त्यांचं अमेरिकेतलं प्रकरण मात्र याच्या जरा आधीचं. आप्पांचा पुतण्या ओहायो राज्यात कोलंबस गावी आहे, संगणकात. जानेवारी २०२५ मध्ये, आमच्याकडे हरभरा सोंगणीला आला होता तेव्हा, त्याचा फोन आला. पोरगं आनंदानं ओरडत होतं. आमचं कॉलेज फुटबॉलमध्ये देशात पहिलं आलं, काका! नोत्र दामला ३४-२३ नं हरवलं!

दुसरा कोणी 'वा रे पठ्ठ्या' म्हणाला असता. आप्पा म्हणाले, "पंच कोन होते?"

इथून पुढे पंधरा दिवस त्या पोराची रोज उलटतपासणी झाली. फोन स्पीकरवर, आम्ही सगळे टपरीवर. पहिल्याच दिवशी कळलं की तो फुटबॉल पायानं कमी आणि हातात घेऊन जास्त खेळतात. आप्पांनी तिथंच एक अपील नोंदवलं. मग कळलं की ओहायोचं हे कॉलेज नोव्हेंबरात स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असं हरलं होतं. शेवटच्या सामन्यात समोर आलेलं नोत्र दामही सप्टेंबरात घरच्याच मैदानावर एका लहानशा कॉलेजाकडून हरलेलं होतं.

"घरच्या आखाड्यात आभाळ पाहेल दोन गडी," आप्पा सावकाश म्हणाले, "आन् त्यातला एक केसरी?"

पुतण्या बिचारा समजावू लागला. काका, इथं १३४ कॉलेजं आहेत. एकेक संघ मोसमात बाराच सामने खेळतो, सगळे सगळ्यांशी कसे खेळतील? मग पूर्वी अव्वल कोण हे मतदानानं ठरायचं.

"कशानं?"

मतदानानं काका. १९३६ पासून वर्तमानपत्रांचे वार्ताहर मतं देऊन क्रमवारी लावायचे. १९५० पासून प्रशिक्षकांचं वेगळं मतदान सुरू झालं. दोघांचं जमलं तर एक विजेता, नाही जमलं तर दोन. १९९७ ला वार्ताहरांनी मिशिगन म्हटलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्का. मग १९९८ पासून यात संगणक घातला, तरी २००३ ला पुन्हा दोन विजेते निघालेच.

टपरीवर शांतता पसरली. दूध उतू गेलं तरी टपरीवाल्याचं लक्ष नव्हतं. पेपरवाल्यांनी मतं टाकून केसरी ठरवायचा, ही कल्पना पचवायला जामनेरला थोडा वेळ लागला. पण आप्पांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते विलक्षण होतं. दूरदेशी गेलेल्या माणसाला परक्या बाजारात अचानक आपल्या गावची बोली ऐकू यावी, तसं काहीतरी. सबंध एक देश, आणि तोही चंद्रावर माणूस पाठवणारा, इतकी वर्षं झाली तरी अव्वल कोण हे ठरवू शकलेला नाही!

पुढची माहिती त्यांनी अधाशासारखी खाल्ली. २०१४ पासून तेरा जणांची समिती बसते आणि चार संघ निवडते. चारात आपण नाही म्हणून पाचवा बोंब मारतो. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकलं, तरी समितीनं बाहेर ठेवलं, का तर त्यांच्या मुख्य खेळाडूचा पाय जायबंदी झाला होता, आणि एक सामना हरलेलं अलाबामा आत घेतलं. म्हणून २०२४ पासून बारा संघ केले. आता तेरावा बोंब मारतो.

"समिती कशावरून ठरवते?" आप्पांनी विचारलं.

बरंचसं डोळ्यानं बघूनच, काका. कोण कसा खेळतोय, कोण कोणाशी खेळलाय.

"म्हंजे जोड लावतात!"

आता हे मात्र त्यांनी अचूक पकडलं होतं. जत्रेत जोड अशीच लागते. वजनाचा काटा नाही, वयाचा दाखला नाही. पंच रिंगणात उभे राहतात, पोरं लंगोट कसून फिरतात, पंच मान बघतात, मांडी बघतात, कान बघतात, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतात. शंभराची, पाचशेची, पाच हजाराची. आणि दर वर्षी एक तरी पोरगं रिंगणाच्या कडेला रडत उभं असतं की माझ्याशी कोणी जोड लावत नाही, सगळे घाबरतात. फ्लोरिडा स्टेट ते हेच पोरगं.

पण आप्पांना सगळ्यांत आवडलं ते सेंट्रल फ्लोरिडा नावाचं कॉलेज. २०१७ च्या मोसमात हे तेराच्या तेरा सामने जिंकलं, समितीनं विचारलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीर केलं की विजेते आम्ही. वर मिरवणूक काढली आणि प्रशिक्षकांना बक्षिशीही वाटली.

आप्पा उठून उभे राहिले. "हे लोकं," ते भरल्या गळ्यानं म्हणाले, "खानदेशातले असतील."

त्यानंतर त्यांनी अमेरिकेला पत्र लिहायचं ठरवलं. मजकूर माझ्याकडून लिहून घेतला, इंग्रजी पुतण्यानं करायचं ठरलं. मुद्दे मोजके होते. एक, गुण बंद करावेत. दोन, बारा संघ, चार संघ हे थोतांड सोडून सगळी १३४ कॉलेजं जामनेरला यावीत. इथं २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी फेब्रुवारीत नमो कुस्ती महाकुंभ झाला, परदेशातले मल्ल आले, गर्दीला जागा पुरली, तेव्हा मैदानाची अडचण नाही. तीन, जो हरेल त्याला तिथंच दुसरी संधी. "आन् दुसऱ्यात हरला तर?" मी विचारलं. "तिसरी," आप्पा म्हणाले. पत्राला अजून उत्तर नाही. पुतण्यानं ते पाठवलंच नाही असं माझं मत आहे, पण मी ते बोललेलो नाही, कारण मग त्याच्यावर अपील होईल.

आता या माणसाला हा रोग लागला कुठून, हे सांगतो.

१९७४ साली वाघूर नदीच्या काठच्या एका गावी जत्रेत आप्पांची शेवटची कुस्ती लागली होती. शेवटची म्हणजे मानाची, ५१ रुपयांची. समोर शेजारच्या गावचा गडी, आज ज्यांना सगळे तात्या म्हणतात ते. दिवस मावळला, कोणी तरी कंदील आणला, कंदिलाभोवती किडे, किड्यांभोवती माणसं. पंचांनी कुस्ती सोडवली आणि इनाम वाटून दिलं. साडेपंचवीस रुपये यांना, साडेपंचवीस त्यांना. पंचवीस रुपये आप्पांनी त्याच रात्री खर्च केले. वरचे आठ आणे अजून मोडलेले नाहीत. ते नाणं एका डबीत आहे, डबी कपाटात आहे, आणि आप्पा त्याला नाणं म्हणत नाहीत, पुरावा म्हणतात. नेमका कशाचा पुरावा, हे मी विचारलं होतं. "कुस्ती संपेल नही, याचा."

तात्या दर आठवडे बाजाराला हिरव्या मिरच्या आणि गवार घेऊन जामनेरला येतात. माल संपला की टपरीवर. तिथं ती कुस्ती पुन्हा लागते. कंदील कोणत्या बाजूला होता, पट कोणी काढला, तेव्हा आभाळ कोणी पाहिलं. पन्नास वर्षं झाली. त्या दिवशीचे पंच कधीच वारले, ज्यानं कंदील धरला तोही गेला. आता त्या कुस्तीचे साक्षीदार फक्त दोघं, आणि दोघंही पक्षकार.

मागच्या पावसाळ्यात तात्या आजारी पडले. जळगावच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. आप्पा आणि मी बसनं गेलो. खाटेवर तात्या अर्धे झाले होते. नाकात नळी. आप्पांना बघून त्यांनी हातानं जवळ बोलावलं. खोलीत सून होती, नातू होता, तिनं नातवाला पुढं केलं, म्हणजे काही शेवटचं बोलायचं असेल तर ऐकू यावं.

तात्या म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी तू जिंकेल होता. माझा खांदा टेकेल होता. अंधारात कोनाले दिसला नही."

सुनेनं डोळ्याला पदर लावला. माझ्याही घशात काहीतरी आलं. पन्नास वर्षांचा खटला, आणि समोरच्यानं कबुलीच दिली. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा लाल झाले होते.

"तुले कोनी विचारलं?" ते म्हणाले. "गडी निकाल देतो का कधी? पंच कुठाय?"

"अरे पन मी सांगू ऱ्हायलो ना..."

"तुझ्या एकट्याच्या सांगन्यानं काय होतं? कुस्ती बरोबरीत हाये. बरा हो आन् बाजाराले ये, मंग पाहू."

परतीच्या बसमध्ये नेरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नेरीला दोन केळी घेतली, एक मला दिलं, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तात्या बारा दिवसांनी घरी आले. महिनाभरानं, बाजाराच्या दिवशी, काठी टेकत टपरीवर हजर. बसले, घाम पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दवाखान्यात जे बोललो ते धरू नका. औषधाची गुंगी होती. खांदा टेकेल नव्हता."

आप्पांचा चेहरा असा उजळला की तसा मी फक्त नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहिला होता. त्यांनी जोरात दोन चहा सांगितले. झाले वीस रुपये. दहा आप्पांनी दिले, दहा तात्यांनी.